हातचा नसलेली बेरीज

४ मार्च, सकाळी

मागच्या खोलीतली पेटी पहाटेपासून बोंबलते आहे. पेटी म्हणजे सहा डिस्क शेजारी शेजारी उभ्या केलेला लोखंडी डबा. ह्यांचा आवाज तिच्यात आहे. कॉम्प्युटरवर सूचना आली: डिस्क २ निकामी, माहिती सुरक्षित.

मी घाबरले नाही. चहात साखर दोनदा पडली ती डब्याच्या झाकणामुळे.

जावयाला फोन करायचा नाही, हे आधी ठरवलं. तो कॉम्प्युटरमधला असल्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य ‘आई, तुम्ही हात लावू नका’ इथून सुरू होतं. मी जन्मभर गणित शिकवलं. ही पेटी ज्या कुणी बनवली त्याला ‘हातचा एक’ माझ्यासारख्याच कुणीतरी शिकवला असणार.

४ मार्च, दुपारी

नोंद करून ठेवते, म्हणजे डोकं शांत राहील.

ह्यांनी रेडिओवर बातम्या वाचण्यात आयुष्य काढलं. स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा लेकीला दिवस होते. मग ह्यांनी मागच्या खोलीच्या दाराला गोधडी लावली आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपर्यंत येणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या. सगळ्या एका पोस्टमन गोगलगायीच्या. शिवाय एक वेगळी फाइल आहे. तिचं नाव ‘मास्तरीणबाईंसाठी’. मास्तरीणबाई म्हणजे मी. ती मी अजून ऐकलेली नाही. घाई काय आहे? सुरक्षित आहे. चांगल्या दिवशी ऐकायची म्हणून ठेवली आहे.

लेक तेव्हाच म्हणाली होती, आई, एक कॉपी काढून माझ्याकडे दे. मी म्हटलं, कॉपी हा शब्द माझ्यासमोर काढू नकोस. मी वर्गात पंचवीस-तीस पोरांना त्यासाठी उभं केलंय. त्याऐवजी मी ही पेटी घेतली. हिच्यात सहापैकी कोणत्याही दोन डिस्क मेल्या तरी एक अक्षर हरवत नाही. विश्वास गणितावर ठेवावा.

नात आता तीन वर्षांची होईल. एकवीस तारखेला सगळे येताहेत. आजोबांच्या गोष्टी तिला पहिल्यांदा ऐकवायच्या असं ठरलंय. तोवर नवी डिस्क बसवून टाकते.

५ मार्च

पेटीची पुस्तिका वाचली. इंग्रजी भिकार, पण गणित सुंदर.

सहापैकी चार डिस्कवर खरा माल. पाचवीवर त्या चौघींची बेरीज. एक मेली तर बेरजेतून उरलेल्या तीन वजा करायच्या, मेलेली परत. हे दुसरीतलं पोरही करेल. कौतुक सहावीचं. तिच्यावरही बेरीजच, पण वजन लावून: पहिलीला एकने गुणायचं, दुसरीला दोनने, तिसरीला चारने, चौथीला आठने. साधी बेरीज दोनदा का नाही ठेवली? कारण तेच समीकरण दोनदा लिहिलं म्हणून दोन समीकरणं होत नाहीत. वजन बदललं की होतात. दोन अज्ञात, दोन समीकरणं, सुटलं. (प्रत्यक्षात या बेरजा सगळ्या डिस्कवर फिरत्या ठेवतात. मुद्दा तोच.)

हे सगळं ह्यांना समजावून सांगितलं. ह्यांची पाटी हाताशीच होती. बोलणं पाटीवर चालतं. फोनवर टाइप करणं ह्यांना जमत नाही आणि मला ते दिसत नाही. पाटीवर आधीच काहीतरी लिहिलेलं होतं ते पुसून समीकरणं मांडली. ह्यांनी मान हलवली. नंतर कळलं, चष्मा कुठे आहे ते विचारत होते.

६ मार्च

संताप! या पेटीच्या गणितात हातचाच नाही.

एक अधिक एक शून्य. लिहिलंय तसं! बेरीज आणि वजाबाकी एकच. आकडा फार मोठा झाला की डब्याबाहेर सांडतो म्हणून त्यात एक ठरलेला आकडा मिसळून त्याला परत आत कोंबायचं. मी हजारो पोरांना हातचा विसरलास म्हणून उभं केलं आणि इथे न घेणाऱ्याला पूर्ण मार्क.

दुपारभर वहीवर मांडून बघितलं. चार छोटे आकडे घेतले, त्यांच्या दोन्ही बेरजा काढल्या, मग दोन आकडे हाताने झाकून परत शोधले. आले! हातचा न घेता आले. माझा राग निम्मा उतरला. म्हणजे तत्त्वतः राग आहे.

आणखी एक गंमत. एखादी डिस्क मेली आहे हे पेटीला कळलं तर दोन मेल्या तरी चालतात. पण एखादी जिवंत राहून चुकीचं सांगत असली, तर तेवढ्याच दोन बेरजांत अशी फक्त एक पकडता येते. वर्गातही असंच. गैरहजर पोराचं काही नसतं. हजेरी देऊन खोटं बोलणाऱ्याला शोधण्यात तास जातो. आमच्या घरात अशी अडचण नाही. मला सगळं कळतं.

७ मार्च

आज काम उरकलं.

कॉम्प्युटरवाल्याकडे तशा डिस्क संपल्यात. मागवायला आठवडा लागेल म्हणे. मी एवढं थांबणारी नाही. ह्यांच्या कपाटात स्वेटरांच्या खाली मला महिन्यापूर्वी एक निळी डबी दिसली होती. उघडून बघितलं तर नेमकी त्याच मापाची डिस्क. मला न विचारता आणलेली! तेव्हा बोलले नाही, कारण दोघांत एकाने तरी मोठं मन ठेवावं लागतं. ती आज काढली.

पुस्तिकेत म्हटलंय, निकामी डिस्कचा दिवा नारिंगी असतो, तो बघून डिस्क ओढा. दिव्यांवर मी काळी पट्टी चिकटवलेली आहे. रात्रभर लुकलुकतात, झोप येत नाही. पट्टी सोलायची गरज नव्हती. दोन म्हणजे दोन. डावीकडून दुसरी ओढून काढली, निळी घातली. पेटीने विचारलं: या डिस्कवर आधीची माहिती आहे, ती पूर्ण पुसली जाईल, पुढे जायचं? आधीची माहिती म्हणजे कारखान्यातला कचरा असणार. हो म्हटलं.

एवढ्यात हे आले. पाटी समोर धरलेली. ‘ती निळी’ एवढं वाचलं आणि म्हटलं, हो हो, निळीच घातली, बरं झालं तुम्ही आणून ठेवली होतीत. पुढेही काही लिहिलेलं होतं, पण मला ह्यांच्या पहिल्या दोन शब्दांवरून वाक्य कळतं. ह्यांनी टेबलावर हात आपटला. मी म्हटलं, चहा ठेवते. पुन्हा आपटला. कपाटाकडे बोट दाखवलं. स्वेटर विस्कटले म्हणून असणार. म्हटलं, घालते घडी. मग पाटी घेतली, पुसली, आणि मेलेली डिस्क परत कशी येते ते खालपर्यंत सोडवून दाखवलं.

पडद्यावर तोवर आलं: पुसणं पूर्ण, पुनर्बांधणी सुरू.

हे पडद्याकडे बघत राहिले. मग जाऊन खिडकीशी बसले. गणित पटलेलं दिसतं.

८ मार्च

काढलेली डिस्क आज गच्चीवर नेऊन हातोडीने फोडली. जुन्या डिस्क तशाच टाकू नयेत, चोर त्यातून माहिती काढतात असं पेपरात आलं होतं. काम करायचं तर पूर्ण. आत चांदीसारखी चकती होती, ती वाकवून टाकली. हात थोडा भरून आलाय. हे दारात उभे होते. पाटी आणली नव्हती.

९ मार्च

पुनर्बांधणी: सहा टक्के. पेटीला काम सावकाश करायची सवय आहे, ह्यांच्यासारखी.

पडद्यावर अजूनही ‘डिस्क २ निकामी’ असंच येतंय. काढून, फोडून झाली तरी. या यंत्रांना बातमी उशिरा कळते.

हे दोन दिवस काही लिहीत नाहीत. मला अडत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं निम्मं वाक्य हरवलं तरी उरलेल्यातून मी ते पुरं करू शकते. पाटीवर ‘दार’ आलं की दार लावायचं असतं. (परवा उघडायचं होतं. कॉम्प्युटरवाला बाहेर उभा होता. अपवाद.)

११ मार्च

जावयाचा फोन. मी केला नव्हता, त्याचा आला. येण्याच्या गाडीबद्दल बोलायचं होतं. मी सहज सांगितलं की पेटीचं एक छोटं काम मी स्वतः उरकलं. तो म्हणाला, आई, कुठली काढलीत? मी म्हटलं, दोन नंबरची. तो म्हणाला, डावीकडून कितवी? म्हटलं, दुसरी, दोन नंबरची दुसरी नाही तर काय पाचवी असते? त्यावर तो हळूच म्हणाला, आई, पेटी शून्यापासून मोजते.

शून्यापासून कोण मोजतं? वर्गात पहिला नंबर येतो, शून्यावा येत नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शून्यापासून मोजणाऱ्या मुलीला कोपऱ्यात उभं केलं असतं. हे सगळं त्याला सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, मी फोन हिच्याकडे देऊ का? मी म्हटलं, नको.

पट्टी सोलून बघितली. शून्य, एक, दोन. नारिंगी दिवा तिसऱ्या डिस्कवर.

म्हणजे मी धडधाकट डिस्क फोडली.

११ मार्च, संध्याकाळी

विचार केला. काहीही बिघडलेलं नाही. एक आपली आपण गेली, एक मी घालवली. दोन. पेटी दोनसाठीच बनवलेली आहे. दोन समीकरणं आहेत, दोन अज्ञात आहेत. उलट आता दोन्ही समीकरणांचा उपयोग होतोय, एरवी एक नुसतं बसून होतं. माझी एक निळीवर परत येते आहे. अठरा टक्के झालेत.

जावयाने निरोप पाठवला की पेटीला आता कुणी हात लावू नये. ‘कुणी’ म्हणे.

ह्यांना सांगितलं नाही. उगाच काळजी.

१३ मार्च

सकाळी पेटी पुन्हा बोंबलली. मी दात घासत होते. पडद्यावर: डिस्क ४ निकामी. पुनर्बांधणी थांबली. तेहतीस टक्के.

सहाही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आल्या होत्या. एक थकली की बाकीच्याही थकलेल्याच असतात. आणि पुनर्बांधणीत प्रत्येकीला टोकापासून टोकापर्यंत धावावं लागतं. हे पुस्तिकेत शेवटच्या पानावर होतं. शेवटचं पान मी वाचलं नव्हतं, तिथे वॉरंटी असते.

तीन अज्ञात. दोन समीकरणं.

१३ मार्च, दुपारी

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने चप्पलही काढली नाही. म्हणाला, काकू, सगळं फॉरमॅट करा, नवीन टाका, नव्यासारखी चालेल. मी त्याला विचारलं, तुझा आवाज असा फॉरमॅट केला तर चालेल का? तो ह्यांच्याकडे बघून गप्प झाला आणि मेलेल्या दोन डिस्क घेऊन गेला. दुरुस्त करणाऱ्यांकडे पाठवतो म्हणाला.

वहीवर मांडून बसले. तिसरं समीकरण कुठूनही येत नाही. एक आकडा मनाने धरला की बाकीचे दोन बिनचूक सुटतात. दुसरा धरला तरी सुटतात. प्रत्येक उत्तराचा ताळा जुळतो. ढीगभर उत्तरं आहेत. त्यातलं ह्यांचं कुठलं, ते सांगायला कोणी नाही.

१४ मार्च

लेकीचा फोन. जावयाने तिला सांगितलं असावं. मी तयारीत होते. ती एक बोलली की मी तीन बोलणार होते. पण ती अगदी शांत. म्हणाली, आई, तू एवढी का घाबरतेस? बाबांनी सगळं एका डिस्कवर काढून ठेवलंय. मीच पाठवली होती, कॉम्प्युटरवाल्याकडून कॉपी करून घेतली त्यांनी. तुला सांगू नका म्हटलं होतं मी, तू उगाच चिडली असतीस. निळी डबी आहे, स्वेटरांच्या खाली.

मी म्हटलं, बरं.

ती म्हणाली, मिळाली का बघ.

मी म्हटलं, बघते.

१५ मार्च

काही नाही.

१६ मार्च

सात तारखेपासून ह्यांना माहीत होतं. मी पडद्यासमोर टक्के मोजत होते, ह्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. हे ऐकत होते.

आज विचारलं, त्याच दिवशी का नाही सांगितलंत? हे माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग मला आठवलं.

तरी म्हणते, पाटी जरा उंच धरायला काय झालं होतं? आणि खडू जाड घ्यावा.

जेवण गेलं नाही. ह्यांनी माझ्या पानातली पोळी झाकून ठेवली.

१७ मार्च

नवा निश्चय. गोष्टी मी लिहून काढणार. ह्यांनी रेकॉर्ड केल्या तेव्हा मी भिंतीपलीकडेच होते, सगळ्या कानावर पडल्यात. गोगलगाय टपाल घेऊन निघते, वाटेत ओढा लागतो. ओढा ती कशी ओलांडते? पानावर बसून असणार. ह्यांना विचारलं. ह्यांनी मान हलवली, नाही. मग बेडकाच्या पाठीवर? नाही. मग पुलावरून? ह्यांनी पाटी उचलली. तोवर मी म्हटलं, ठीक आहे, पूल घालते, मुलांना कुठे कळतंय.

ह्यांनी पाटी खाली ठेवली.

लिहिलेलं वाचून बघितलं. गोगलगाय माझ्यासारखी बोलते. पहिल्याच पानावर ती बेडकाला शुद्धलेखन शिकवते.

फाडलं.

१८ मार्च

दुरुस्त करणाऱ्यांचं उत्तर आलं. दोन्ही डिस्क आतून घासल्या गेल्यात, वाचता येत नाहीत. फोडलेली मी पाठवलीच नव्हती. विचारायला लाज वाटली. तरी कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, हातोडीने फुटलेली असेल तर? तो म्हणाला, असं कोण करतं काकू?

पण निळीवर तेहतीस टक्के भरले होते. तेवढ्या भागात समीकरणं पुरतात. तो भाग काढून देतो म्हणाला.

तेहतीस टक्क्यांनी मी कधी कुणाला नापास केलं नाही. पस्तीसला पास, दोन ग्रेस. देवा, त्या तेहतिसात काय आहे ते माझ्या हातात नाही. फार मागत नाही. एक गोगलगाय. किंवा ती दुसरी फाइल. दोन्ही मागितल्या तर कदाचित एकही मिळणार नाही. गोगलगाय दे. नात येतेय.

दुसरीही दे.

१९ मार्च

मिळालं. पेटीत जे आधी भरलं होतं ते वाचलं. आधी मी माझं भरलं होतं.

मिळालेल्यांत: विजेची बिलं. माझे दातांचे एक्स-रे. शाळेच्या निरोपसमारंभातलं माझं भाषण, संपूर्ण.

भाषण लावलं. ह्यांनीच घरी रेकॉर्ड केलं होतं, मला आदल्या दिवशी सराव करायचा होता म्हणून. सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग हे म्हणतात, “हं, बोला मास्तरीणबाई.”

मग मी बोलते. पाऊण तास. एकदाही श्वास घेतलेला ऐकू येत नाही. शेवटी ह्यांनी काही म्हणावं म्हणून मी जरा थांबले असेन असं वाटून शेवटपर्यंत ऐकलं. थांबले नव्हते. ‘झालं, बंद करा’ असं मीच म्हणते आणि ते बंद होतं.

पुन्हा सुरुवातीला नेलं. हं, बोला मास्तरीणबाई. रेडिओवर बातम्या सांगायचे तोच आवाज, फक्त कानाजवळ आलेला.

हे दाराशी उभे होते. मी बंद केलं. ह्यांनी खूण केली, लाव.

२१ मार्च

आले सगळे. लेकीने आल्या आल्या मिठी मारली, त्यावरून कळलं की जावयाने तिला बजावून आणलंय. जावयाने मागच्या खोलीत जाऊन पेटीवरचे पट्टीचे चिकट तुकडे नखाने काढून टाकले. माझ्याकडे वळून म्हणाला, आई, गणित तुमचं बरोबर होतं. मला तो आजवर इतका कधी आवडला नव्हता आणि इतका रागही आला नव्हता.

नातीला लेकीने सांगितलं, हा आजोबांचा आवाज. ती ऐकते, “हं, बोला मास्तरीणबाई,” आणि हसते. मी बोलायला लागले की बटण दाबून मागे नेते. पुन्हा हं, बोला. पुन्हा मागे. सकाळपासून चाललंय. माझं एक वाक्य तिने पुरं होऊ दिलेलं नाही.

दुपारी सगळे आडवे झाले. स्वयंपाकघरात ह्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, त्या फाइलीत माझ्यासाठी काय होतं?

ह्यांनी पाटी घेतली. लिहायला लागले. मी हात मांडीत घट्ट धरून बसले. पहिला शब्द दिसत होता, मी मान वळवली. वाक्य मनातल्या मनातही पुरं केलं नाही. त्यासाठी सतराचा पाढा म्हणत बसले. ह्यांनी एकदा वर बघितलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, खडूने पाटीवर टकटक केलं. मी हललेसुद्धा नाही. म्हटलं, तुमचं पूर्ण होऊ दे. पुन्हा टकटक. म्हटलं, मी थांबलेय, सावकाश लिहा.

शेवटी ह्यांनी पाटी माझ्या तोंडापुढे धरली. पूर्ण वाचली.

‘दूध उतू जातंय. केव्हाचं सांगतोय.’

गेलं होतं.

ओटा पुसून वळले तोवर नात उठून आली होती. तिने पाटी घेतली होती आणि तिच्यावर काठापासून काठापर्यंत गोगलगाय काढत होती. पाठीवर टपालाची पिशवी. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिने ह्यांच्याकडे बोट दाखवलं. ह्यांच्या हातात खडू होता, पण लिहायला जागा नव्हती.

उद्या दुकानात जाऊन पाट्या आणायच्या. तीन आणते. दोन राखीव.